मान्तियासची जीभ

मान्तियासने विचारलं ते एवढंच : "सिरा, आपला तेलेस जन्मला तेव्हा ऑलिव्ह झोडून झाले होते का गं?"

सिरा घरातली म्हातारी दासी. "झोडून झाले होते, घाण्यात पडायचे होते," असं सांगून ती पुन्हा मसूर निवडायला बसली. पण सांजवेळी तिने ही गोष्ट लिसिलाच्या कानावर घातली, आणि लिसिलाच्या हातातली टकळी फिरायची थांबली.

बाप्यांना पोरांचे जन्मदिवस कधीपासून लागायला लागले? त्यातून दिराला, पुतण्याचा? चार वर्षं एका छपराखाली काढली, एकदाही विचारलं नाही. आणि आता, भावकीचा सण वीस दिवसांवर आला असताना?

लिसिला तेवीस वर्षांची होती आणि विधवा होती. नवरा आर्किप्पोस पोटिडायाच्या वेढ्यात गेला. घरी आल्या त्या अस्थी, त्याही एकट्याच्या नव्हेत. त्याच्या फळीतल्या सगळ्यांच्या मिळून एका पेटीत. त्यातल्या आपल्या कुठल्या, हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून तिने सगळ्यांसाठीच रडून घेतलं होतं. मेलेल्यांची नावं संगमरवरावर कोरायचं काम धाकट्या दिराला, मान्तियासला मिळालं. दगड कोरणं हाच त्याचा धंदा. भावाचं नाव कोरण्याआधी तो सेनापतीच्या कारकुनाकडे दोनदा जाऊन विचारून आला. "खात्री झाल्याशिवाय छिन्नी लावायची नाही, वहिनी. दगडावरचं पुसता येत नाही." तेव्हा तिला वाटलं होतं, किती सरळ माणूस. आता त्या सरळपणाचीच तिला भीती वाटायला लागली.

कारण सणाच्या दिवशी तेलेसला भावकीपुढे उभं करायचं होतं. बाप नाही, म्हणजे काकाने मेंढा घेऊन जायचं, वेदीवर हात ठेवायचा आणि शपथ घ्यायची की हा मुलगा अथेन्सच्या बापाचा, अथेन्सच्याच आईच्या पोटचा, रीतसर लग्नाचा. भावकीतल्या कुणाला शंका असली तर त्याला भाषण करावं लागत नाही. त्याने पुढे व्हायचं, मेंढ्याचा दोर धरायचा आणि त्याला वेदीपासून दूर न्यायचं. मग मेंढा आपल्या पायांनी घरी येतो आणि पोर परकं होतं. वहीत नाव नाही, बापाच्या द्राक्षबागेत हक्क नाही, लढाईत पडलेल्यांच्या मुलांना नगर जे जव देतं तेही बंद. आणि बाग? बाग मग सगळीच्या सगळी मान्तियासची.

शंका घ्यायला जागा नव्हती असं नाही. लिसिलाचा बाप थोरिकोस गावचा, सात पिढ्यांचा अथेन्सकर. पण नॅक्सोस बेट हाताखाली आलं तेव्हा तिथल्या जमिनी अथेन्सच्या लोकांना वाटल्या गेल्या, त्यात त्यालाही तुकडा मिळाला आणि पाच वर्षांच्या लिसिलाला कडेवर घेऊन तो तिकडे गेला. अथेन्सने बेट जिंकलं आणि बेटाने लिसिलाची बोली जिंकली. तिचं बोलणं अजून नॅक्सोसच्या हेलात चालायचं. आर्किप्पोसचं जहाज तिथे लागलं, लग्न तिथेच झालं. भावकीला लग्नाचं जेवण घालायचं राहून गेलं. आधी घर शाकारू म्हणाला, मग लढाई आली, मग साथ आली. आईबाप तिकडेच तापाने गेले. 'ही अमक्याची मुलगी' असं म्हणायला अख्ख्या अथेन्समध्ये एक माणूस नव्हता. परवाच्या बायकांच्या सणालाही तिला कुणी बोलावलं नव्हतं. तो सण फक्त अथेन्सच्या लेकीसुनांचा.

"तुझा दीर थोरिकोसला कशाला गेला होता गं?" मिकाने विचारलं.

मिका शेजारीण. थडग्यांना बांधायच्या रंगीत फिती विकायची, त्यामुळे मेलेल्यांची आणि जिवंतांची, दोघांचीही बातमी तिच्याकडे ताजी असायची.

"थोरिकोसला? दगड आणायला गेलो होतो म्हणाले."

"दगड! एक अख्खा दिवस तंगडतोड करून? आपल्या डोंगरातला संगमरवर संपला वाटतं." मिकाने मांडी घातली. "माझ्या भाच्याने पाहिलं त्याला. दारोदार विचारत होता, अमक्याला कुणी ओळखतं का, त्याच्या मुलीला ओळखतं का."

"माझ्या बापाचं नाव?"

"मग काय माझ्या? अगं बाई, 'तिला कुणी ओळखत नाही' असं सांगणारे चार जण मिळाले की काम झालं. दोर धरायलाही दुसरं कुणी नको. काकाच शपथ घेत नाही म्हटल्यावर मेंढा आपण होऊन घरची वाट धरेल."

"ते तसे नाहीत गं. तेलेससाठी मातीचा घोडा करून आणला परवा."

"मेंढ्यालाही चारा घालतोच की," मिका म्हणाली.

त्या दिवसापासून लिसिलाला जे दिसलं ते सगळं एकाच बाजूला झुकायला लागलं. मान्तियास हौदाशी उभा राहून काहीतरी पुटपुटायचा आणि ती आली की गप्प व्हायचा. पुटपुटणारा माणूस कसली तरी तयारी करत असतो. तो जेवताना तेलेसच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. बघ बघ, नाक कुणाचं ते शोध. एकदा तर त्याने सरळ विचारलं, "वहिनी, तुमची आई थोरिकोसला असताना कुणाकडे उठबस होती?" आणि ती म्हणाली, "मी पाच वर्षांची होते, भावजी," तेव्हा तो "हं" म्हणाला. त्या 'हं'ची तिने रात्रभर चिरफाड केली. त्यात तिला काहीही चांगलं सापडलं नाही.

"जीभ बांध," मिका म्हणाली.

"काय?"

"अशी दचकतेस काय? दावा लढायला जाणारे अर्धे लोक दुसऱ्याची जीभ बांधून जातात, उरलेल्या अर्ध्यांची बांधलेली असते. म्हणून तर निकाल असे लागतात. शिशाची पट्टी घ्यायची, नाव लिहायचं, खिळा मारायचा आणि अवेळी गेलेल्या कुणाच्या तरी मातीत पुरायची. ज्यांचं आयुष्य पुरं झालेलं नसतं ती माणसं अजून पाताळाच्या दारात घुटमळत असतात ना, ती निरोप नेतात खाली. कुंभारवाड्याबाहेर आंथिया म्हणून एक पोर आहे. चौदा वर्षांची, लग्न ठरलं होतं, साथीत गेली. तिच्यासारखी दुसरी मिळायची नाही."

घरातल्या तडकलेल्या तेलाच्या रांजणाला शिशाच्या पट्टीने सांधलं होतं. लिसिलाने ती उपसून काढली आणि दगडाने ठोकून सपाट केली. अक्षरं तिला बापाने शिकवली होती. वाकडी यायची, पण यायची. खिळ्याच्या टोकाने तिने रीतीप्रमाणे दिराचं नाव उलटं, शेवटाकडून लिहिलं आणि खाली लिहिलं : याची जीभ बांधते, भावकीपुढचा याचा शब्द बांधते, जसं हे शिसं थंड आणि जड तसा तो होवो. बाहेर अंगणात मान्तियास तेलेसला मेंढ्यावर बसवत होता आणि दोघं हसत होते. लिसिलाने त्या हसण्यावर खिळा ठोकला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या थडग्याला तेल घालायला म्हणून ती गेली, येताना आंथियाच्या दगडापाशी वाकली आणि वीतभर माती उकरून काम उरकून आली. त्या रात्री तिला कित्येक दिवसांत पहिल्यांदा झोप लागली.

चार दिवसांनी, बळीच्या आदल्या सकाळी, मान्तियास म्हणाला, "वहिनी, आज घरी एक जण येईल. तुम्ही जरा समोर या."

दुपारी गाढवावरून एक आजीबाई उतरल्या. नाव नान्नो, डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात मोजून तीन दात. मान्तियासने त्यांना धरून आत आणलं, बाकावर बसवलं आणि स्वतः उंबरठ्याशी उभा राहिला.

"हिलाच ओळखायचंय का रे?" आजी म्हणाल्या. "मग तू काही सांगू नकोस. ये गं, जवळ बस. थोरिकोसच्या तुझ्या अंगणात कसलं झाड होतं?"

"डाळिंबाचं," लिसिला म्हणाली.

"अंजीर होता."

"डाळिंब होतं. मी खाली पडलेली फुलं वेचायची. लाल."

"सत्तर वर्षं मी त्या गल्लीत आहे, मला सांगतेस? अंजीर!" आजींनी हात तिच्या चेहऱ्यावरून फिरवला. "नाक आईचं नाही."

लिसिलाने मान्तियासकडे पाहिलं. तो आजींचं बोलणं कान देऊन ऐकत होता. हं. म्हणजे हे असं होतं तर. गावातून एक म्हातारी धरून आणायची, तिच्याकडून 'नाक आईचं नाही' म्हणवून घ्यायचं, आणि उद्या तेच भावकीत सांगायचं. तिच्या अंगात बेटाचं वारं शिरलं.

"आजी, नाकाचं राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला दिसतं तरी का? माझी आई कुठल्या हाताने सूत काढायची ते सांगा आधी. आणि तुम्ही खरंच थोरिकोसच्या, हे मी कशावरून धरू? गाढव कुणाचं? तुम्हाला काय कबूल करून आणलंय यांनी?"

"वहिनी!" मान्तियास म्हणाला.

नान्नो आजींच्या तीन दातांमधून असं काही हसू फुटलं की खोकलाच लागला.

"क्लेओची आहे! क्लेओचीच आहे, दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही! डाव्या हाताने काढायची गं सूत, डाव्या. अरे, माझी कोंबडी दिसली नाही की मी म्हणायची 'हरवली', आणि हिची आई म्हणायची 'नेली कुणी?' माझ्याकडून कधी पीठ उसनं घेतलं नाही बाईने, मी माप मारीन म्हणून! बेटावर गेली तेव्हा गावाला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. आपल्यावर नजर ठेवायला कुणी उरलंच नाही." त्यांनी डोळे पुसले. "माझा पोरगा एउदिकोस येईल उद्या भावकीपुढे. हिच्या बारशाला पोट बिघडेपर्यंत जेवला होता, विसरेल कसा?"

"पण आजी," मान्तियासने हळूच विचारलं, "डाळिंब की अंजीर?"

"झाडं मरतात रे बाबा. हा स्वभाव मरायचा नाही."

आजी भाजीभाकरी खाऊन ओसरीवर कलंडल्या, तेव्हा लिसिलाने दिराला गाठलं. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"आणि गावात कुणी सापडलंच नसतं तर? तुम्हाला झोप लागली असती?"

"मला तशीही नव्हती."

"ते मला काय ठाऊक." त्याने खाली पाहिलं. "आपला चुलतभाऊ स्मिकोन महिनाभर सांगत फिरतोय की आर्किप्पोसने बेटावरची दासी आणून घरात बसवली. त्याचं शेत आपल्या बागेला लागून आहे ना. उद्या दोर धरायला तो पुढे होणारच. पोराचा जन्म कधीचा ते विचारतील म्हणून सिरालाही विचारून ठेवलं. साक्षीदार हवा होता, तो मिळाला. आता शपथेचे शब्द तेवढे नीट यायला हवेत. मला चार माणसांत बोलायची सवय नाही, वहिनी. रोज हौदाशी घोकतोय."

उद्या पोराच्या वतीने बोलणारी एकच जीभ होती, आणि ती तिने स्वतःच्या हाताने, उलट्या अक्षरांत, खिळा मारून पुरली होती.

टोपलीत फिती, फितींखाली खुरपं, असं घेऊन ती सिराबरोबर नगराच्या दरवाजाबाहेर पडली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. लढाईच्या दिवसांत दरवाजा सूर्यास्ताला बंद व्हायचा. चालत नव्हत्याच त्या, पळत होत्या.

आंथियाच्या थडग्यापाशी एक बाई बसली होती. चाळिशीची, डोक्यावरचे केस कापलेले. तिने मध आणि दूध ओतलं होतं आणि नुसतीच बसली होती.

"जाईल आत्ता," सिरा कुजबुजली. त्या दोघी शेजारच्या दगडाशी उभ्या राहिल्या, जणू तो त्यांच्याच माणसाचा. बाई जाईना. उलट तिनेच वळून पाहिलं, आणि त्या नजरेत लिसिलाला आपलीच संशयी नजर दिसली.

"कोण तुम्ही? काय हवंय इथे?"

"आम्ही..." लिसिलाची जीभ अडखळली. "आंथियासाठी आलो."

"ओळखत होता तिला?"

"हो."

त्या एका शब्दाने बाईचा चेहरा असा उघडला की लिसिलाला मान खाली घालावी लागली.

"साथीत गेली तेव्हा शेजारचंही कुणी आलं नाही हो. तिचे मामा आले नाहीत. मी आणि हिचा बाप, दोघांनीच उचललं. दोन वर्षं झाली, मी सोडून कुणी येत नाही." तिने सरकून जागा केली. "बसा ना. कुठे ओळख झाली? झऱ्यावर?"

"झऱ्यावर," लिसिला म्हणाली आणि बसली.

मग बाई बोलत राहिली. आंथियाला कांदा आवडायचा नाही. विणताना ती चुकायची आणि चूक लपवायला दुसरी चूक करायची. लग्नासाठी केशरी पदर रंगवला होता. लिसिला ऐकत होती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून सूर्याकडे बघत होती. टोपलीतली एक फीत काढून तिने दगडाला बांधली. आणखी काय करणार?

"हे पाहिलंत?" बाईने अचानक जमिनीकडे बोट दाखवलं. "परवा पाहिलं मी. माती उकरलीय कुणीतरी. काहीतरी पुरलंय. मी हात लावला नाही, लावू नये म्हणतात." तिचा आवाज चिरका झाला. "लोक मेल्यांनाही कामाला लावतात हो. माझ्या पोरीच्या हातात कुणीतरी आपला शाप दिला, जा म्हणे घेऊन खाली. ती घाबरट होती. अंधार पडला की अंगणात सुद्धा एकटी जायची नाही. मी दिवा धरायची."

लिसिलाचा हात खुरप्याच्या दांड्यावर होता. 'मीच ती,' एवढं म्हटलं असतं तर माती उकरता आली असती. पण या बाईच्या आयुष्यात दोन वर्षांनी आंथियाची एक मैत्रीण आली होती, आणि तीच शाप घालणारी निघाली असती. तोंड उघडेना. दरवाजावरचा शिंगवाला शिंग फुंकायला लागला. तिघी उठल्या, एकत्रच चालत आल्या, आणि दरवाजात बाईने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "पुन्हा या हं."

रस्त्यात सिरा म्हणाली, "एकच उपाय उरला, बाई. बांधलेल्याला स्वतःहून सांगायचं. आमच्याकडे म्हणतात, सांगितलं की गाठ सुटते."

"आणि ते काय म्हणतील?"

"ते मी नाही सांगू शकत. मला तर आधीच वाटत होतं की तो बिचारा चांगला आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" सिरा म्हणाली.

पहाटे मान्तियास मेंढ्याच्या शिंगांना माळ बांधत होता. तेलेसला न्हाऊमाखू घातलं होतं, तो आपल्या ओल्या केसांवर हात फिरवत स्वतःवरच खूश होता. नान्नो आजींचा मुलगा बाहेर गल्लीत थांबला होता.

"भावजी, जायच्या आधी एक सांगायचंय." लिसिलाने सांगितलं. रांजणाची पट्टी, उलटं नाव, खिळा, आंथिया. एका दमात, नॅक्सोसच्या हेलात.

मान्तियासचा हात आपसूक तोंडाकडे गेला. शापाची बाधा टळावी म्हणून तो कपड्याच्या आत तीनदा थुंकला.

"कशाने लिहिलंत?"

"खिळ्याने."

"खोल गेलं?"

"शिसं मऊ असतं."

"असतं," तो म्हणाला, जणू कुणी त्याला धंद्यातलं विचारलं होतं. मग त्याने माळेची गाठ मारली. "का, वहिनी?"

"मला वाटलं, दोर तुम्हीच धराल."

"मी?" त्याने मेंढ्याकडे, मग पोराकडे पाहिलं. "एक विचारू? खरं बोलणाऱ्याची जीभ कुणी कशाला बांधेल?"

"जिला वाटतं की तो खोटं बोलेल, ती बांधते."

"किंवा जिला भीती असते की तो खरं बोलेल, ती."

लिसिलाकडे उत्तर होतं, पण आता ते कितीही खरं असलं तरी उशिरा आलेलं दिसलं असतं. मान्तियासने पोराला खांद्यावर घेतलं, दोर मनगटाला गुंडाळला आणि काही न बोलता निघून गेला. बोलायचं नाही म्हणून बोलला नाही, की बोलता येईना म्हणून, हे तिला कळलं नाही.

तो दिवस लिसिलाने कान लावून काढला. मेंढा परत आला तर खुरांचा आवाज येणार. दुपारी आलाच. गल्लीत खूर वाजले, मेंढा ओरडला, ती दाराशी धावली आणि फटीतून पाहिलं तर पलीकडच्या गल्लीतला एक जण तोंडावर वस्त्र ओढून आपला मेंढा ओढत नेत होता, मागे त्याचा मुलगा रडत होता. लिसिलाला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा तेलेसचा आवाज ऐकू आला. तो गात होता. त्याच्यामागून मान्तियास आला. हातात दोर नव्हता. पानांत गुंडाळलेलं मांस होतं.

सिराने "आई गं!" म्हणून पोराला उचललं. लिसिला खांब धरून उभी राहिली.

"बसा, वहिनी," मान्तियास म्हणाला. आवाज बसलेला होता. "सांगतो. मेंढा तोलायला घेतला, सगळे ओरडले, 'लहान आहे, लहान आहे!' नेहमीची थट्टा. हसले. मग मी वेदीवर हात ठेवला आणि तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. जीभ टाळूला चिकटलेली, शिशाचा गोळा जसा. घोकलेलं सगळं गेलं. लोकांना वाटलं भावाच्या आठवणीने भरून आलंय. म्हातारे म्हणाले, वेळ घे बाळ. पण स्मिकोनने वेळ घेतला नाही. पुढे झाला आणि दोराला हात घातला."

"मग?"

"मग मी म्हणालो, 'दोर सोड.' पहिले शब्द तेच निघाले. मोठ्याने निघाले असावेत, कारण त्याने सोडला. आणि मग शपथही निघाली. आईचं नाव, बापाचं नाव, गाव, लग्न. एउदिकोसने बारशाचं सांगितलं. मत पडलं. नाव लिहून झालं." त्याने पानांची पुडी तिच्यापुढे ठेवली. "आपला तेलेस भावकीत आहे. स्मिकोनने देखील त्याच्या डोक्यावर हात ठेवला."

लिसिला रडली. सिराही रडली, आणि कुणी विचारलं नसताना म्हणाली की तिला माहीतच होतं.

"वहिनी," मान्तियास म्हणाला. तो अजून उभाच होता. "मी कधी खात्री नसताना छिन्नी लावली नाही. आज लावली. देवापुढे. काल संध्याकाळी माझी खात्री झाली होती. सकाळी तुम्ही सांगितलंत आणि मग नव्हती. तरी लावली, कारण पोर माझ्या खांद्यावर होतं. आता झालं ते झालं, पुसता येणार नाही. मला एकदाच सांगा. ते खरं होतं?"

"खरं होतं," लिसिला म्हणाली. "आईचं, बापाचं, सगळं. डाळिंबाचं सुद्धा."

बाजारात मासेवाली 'आजचाच आहे' म्हणते त्याच स्वरात आपण बोललो, हे तिला बोलता बोलताच ऐकू आलं. खऱ्याचा काही वेगळा आवाज नसतो, हे तिला आज कळत होतं. आणि इतके दिवस ती त्या माणसाच्या आवाजात नेमकं तेच शोधत बसली होती.

"बरं," मान्तियास म्हणाला.

तिने मांस भाजलं, जवाची भाकरी थापली, वर मीठ आणि ओवा पेरला. तेलेसला मांडीवर घेऊन सिरा बसली. लिसिलाने मान्तियासपुढे ताट ठेवलं. चार वर्षं तो ताट येताच हात घालायचा. तोंड भाजलं की तिच्यावरच चिडायचा. आज त्याने भाकरी मोडली, हातात धरली आणि थांबला. तिच्याकडे पाहत नव्हता. ताटाकडेही नाही. भिंतीकडे पाहत होता, लाजल्यासारखा, पण थांबला होता.

लिसिला त्याच्यासमोर बसली. त्याच्या ताटातला मांसाचा एक तुकडा उचलून तिने तोंडात घातला, सावकाश चावला आणि गिळला. मग त्याच ताटातला दुसरा तुकडा फुंकर घालून पोराच्या हातात दिला.

"मीठ बरोबर पडलंय, भावजी," ती म्हणाली. "जेवा."